भिंतीवरून उतरणारे चित्र

हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन माणसे देवळामागच्या वाटेने प्रदक्षिणेला निघतात. टेकडीच्या खिंडीतून पायऱ्या उतरल्या की समुद्र एकदम समोर येतो आणि वाट खडकांवरून जाऊ लागते. ओहोटी असेल तरच ही प्रदक्षिणा पुरी होते, कारण भरतीला लाटा थेट कड्यावर आदळतात. कड्याचा हा काळा पाषाण जागोजागी मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला आहे. काही खळग्यांत जेमतेम बोट जाते, काहींत अख्खा नारळ मावेल, आणि दोन खळग्यांमधला दगड कधी कधी अगदी पातळ उरलेला असतो. पाहणारा सहज म्हणतो, लाटांनी कोरले. लाटांचा हात त्यात आहेच, पण बारीक कोरीवकाम करणारा कारागीर वेगळा आहे. तो म्हणजे मीठ.

समुद्राचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात. ऊन पडले की पाणी उडून जाते आणि मीठ आत राहते. त्याचे स्फटिक वाढताना छिद्राच्या कडांवर दाब देतात. आज एक कण सुटतो, उद्या दुसरा. खळगा पडला की त्यात सावली आणि ओल अधिक टिकते, म्हणून झीजही तिथेच जास्त होते. बेसॉल्टसारख्या कठीण दगडाची ही गत, तर त्याच वाऱ्यात उभ्या असलेल्या घराच्या गिलाव्याची काय होत असेल? आणि त्या गिलाव्यावर कोणी हौसेने चित्र काढले, तर त्याची?

श्रीवर्धन-हरिहरेश्वर पट्ट्यातली जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची. जांभा घरासाठी उत्तम दगड आहे. खाणीतून कापायला सोपा, उन्हाळ्यात थंड, हवा लागेल तसा टणक होणारा. पण तो सच्छिद्र आहे आणि जमिनीतली ओल वर चढू देतो. गिलाव्यात खाडीची वाळू नीट न धुता वापरली असेल तर मीठ बांधकामापासूनच घरात मुक्कामाला आलेले असते. मग भिंतीच्या पायथ्याशी पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते. तिला आपण लोणा म्हणतो. रंग फुगतो, पोपडे सुटतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी रंगारी पत्र्याच्या पट्टीने सगळे खरवडून नवा हात मारतो.

यातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. भिंतीचे नुकसान ऐन पावसाळ्यात होत नाही. साधे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलेच पाणी ओढून विरघळते, आणि आर्द्रता त्याखाली उतरली की पुन्हा स्फटिक होते. आषाढ-श्रावणात किनाऱ्यावरची हवा त्या रेषेच्या वरच असते. भिंत ओली, पण मीठ द्रवरूप आणि शांत. खरी मारामारी ऑक्टोबरपासून सुरू होते. दुपारी हवा कोरडी होते, पहाटे पुन्हा दमट, आणि मीठ ती रेषा वरखाली ओलांडत राहते. प्रत्येक फेरीत भिंतीचा एक पापुद्रा सैल होतो. म्हणून दिवाळीच्या आधी घाईने रंगवलेली किनाऱ्यावरची भिंत शिमग्यापर्यंत पुन्हा उकलू लागते. रंगाच्या कंपनीला दोष देण्याआधी एवढे गणित ध्यानात घ्यावे.

थोडक्यात, अशा घरात भिंतीवर चित्र हवे असेल तर ते भिंतीला चिकटलेले नसावे. भिंतीएवढे मोठे, भिंतीसाठीच रचलेले, पण उतरवता येणारे. ही युक्ती आजच्या घरसजावटीची वाटते. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या चित्रकलेच्या इतिहासात चित्र भिंतीवरून उतरण्याची गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आहे.

हरिहरेश्वरचा कडा आणि अजिंठ्याची लेणी एकाच जातीच्या दगडाची आहेत. दोन्ही दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचे थर. पण अजिंठ्याला पाऊस रायगड किनाऱ्याच्या साधारण चौथा हिस्सा, आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर. अजिंठ्याच्या चित्रकारांनी ओल्या चुन्यावर रंगवले नाही. माती, तूस, गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंक किंवा सरस यांसारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी त्यांची रीत होती. तांबडी आणि पिवळी माती, काजळी, हिरवी माती, आणि अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा निळा. हे कोकणच्या किनाऱ्यावर चार पावसाळेही तगले नसते. अजिंठ्यात दीड ते दोन हजार वर्षे राहिले.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोचला आणि ही चित्रे जगाला ठाऊक झाली. पाठोपाठ प्रश्न आला, की ती लंडनला दाखवायची कशी? डोंगर उचलता येत नाही. १८४४ पासून रॉबर्ट गिल या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे अजिंठ्याला राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कला विद्यालयाचे, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचे, जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन हेच काम पुन्हा केले. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांतलेच. या नकलाही साउथ केन्सिंग्टनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या शंभराहून अधिक नष्ट झाल्या. उतरणारे चित्र ओलीपासून वाचते, आगीपासून नाही, हे इथे मान्य करायला हवे.

तरी बर्लिनचे उदाहरण समोर ठेवले की पारडे झुकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन संशोधक आल्बर्ट फॉन ल कॉक याच्या मोहिमेने मध्य आशियातल्या बेझेक्लिक येथील बौद्ध गुहांमधली भित्तिचित्रे गिलाव्यासकट कापून बर्लिनला नेली. त्यातली सर्वांत मोठी चित्रे संग्रहालयाच्या भिंतींत पक्की बसवली गेली. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ले सुरू झाल्यावर हलवता येण्याजोग्या वस्तू सुरक्षित जागी गेल्या, ही चित्रे हलवता आली नाहीत, आणि नष्ट झाली. त्याच प्रदेशातून पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनने आणलेले तुकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आजही आहेत. चोरून आणले की वाचवले, हा वाद निराळा. आपल्या विषयापुरती गोष्ट अशी, की भिंतीतून एकदा सुटलेले चित्र पुन्हा भिंतीत चिणणे महागात पडले.

मीठ आणि ओल यांचा सामना इटलीत सर्वांत जवळून झाला. नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्स शहरात शिरला. पाणी ओसरल्यावर चर्चच्या भिंती सुकू लागल्या आणि क्षार रंगाच्या थराला आतून ढकलू लागले, अगदी आपल्या लोण्यासारखेच. तिथल्या तज्ज्ञांनी जुनी युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. चित्राच्या दर्शनी बाजूवर प्राण्यांच्या सरसाने कापड चिकटवायचे. सरस सुकताना आकसतो आणि रंगाची पातळ कातडी भिंतीपासून सोडवून आपल्याबरोबर घेतो. ती उलटी करून मागून नवा आधार द्यायचा, मग पुढचे कापड कोमट पाण्याने सोडवायचे. चारशे-पाचशे वर्षांचे चित्र असे कागदाइतके पातळ होऊन एका भिंतीवरून दुसऱ्या पाटीवर जाते, यावर पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. मेक्सिकोच्या दिएगो रिवेराने मात्र आधीच शहाणपण केले होते. १९३१-३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासाठी त्याने आठ भित्तिचित्रे पोलादी चौकटीतल्या गिलाव्यावर काढली. खरीखुरी भित्तिचित्रे, पण हलवता येणारी. घरासाठी मात्र हा मार्ग नको, एकेक पाटी उचलायला गडी लागतील.

आपल्या घरांत यापेक्षा हलकी रीत पूर्वापार चालत आली आहे. आषाढ संपता संपता भिंतीवर लागणारा जिवतीचा पट हे उतरवता येणारे भिंतीचे चित्रच आहे. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, आणि बुध-बृहस्पती. श्रावणभर पूजा, मग पट उतरतो. नागपंचमीचा नाग गंधाने भिंतीवर किंवा पाटावर उमटतो आणि पुसला जातो. दक्षिण कोकणात गणपती ज्या भिंतीपुढे बसतो ती भिंत दर वर्षी नव्याने चितारण्याची प्रथा आहे. वेली, मोर, कमळे, महिरप. वरून माटवी टांगायची आणि खाली मखर. या चित्राकडून वर्षभर टिकण्याची कोणाचीच अपेक्षा नसते, पुढच्या भाद्रपदात त्यावर नवा हात बसणारच असतो. अलीकडे या जागी छापील फ्लेक्स येऊ लागला आहे. तो स्वस्त आणि सोयीचा आहे हे खरे, पण साऱ्या गावातल्या गणपतींमागे एकच धबधबा दिसू लागला की जीव उबगतो.

भिंतीवरून कापडावर येण्याचा सर्वांत मोठा प्रवास मात्र वारल्यांच्या चित्रांनी केला. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत कारवीच्या कुडाला शेणमाती लावून, त्यावर गेरू फिरवून, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने बांबूच्या काडीने चित्रे काढली जात. लग्नात पालघाट देवीचा चौक सवाशिणी लिहीत. हे काम बायकांचे होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर कागद घेऊन गेले. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे तेव्हा विधीसाठी नव्हे, रोजच्या रोज, चित्रासाठी चित्र काढत होते. कुलकर्णींनी त्यांना हेरले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मशे यांची चित्रे मांडली गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये ते गेले.

यात दोन गोष्टी थक्क करतात. पहिली ही, की हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात, हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून मिथिलेत गेले होते आणि तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिले होते. मधुबनी आणि वारली या भारताच्या दोन सुप्रसिद्ध भित्तिचित्रपरंपरा भिंतीवरून खाली उतरताना एकच मराठी माणूस दोन्हीकडे हजर होता. दुसरी गोष्ट तांत्रिक आहे आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. मशे पुढे कापडावर काढू लागले तेव्हा त्यांनी कापडाला आधी शेणाचा हात दिला. भिंत सोडली, पण भिंतीचा पृष्ठभाग बरोबर आणला. पांढरी रेघ त्या खरबरीत तपकिरी अंगावर जशी बसते तशी गुळगुळीत कॅनव्हासवर बसत नाही. उतरणारे भित्तिचित्र आणि नुसते मोठे चित्र यांत फरक इथेच पडतो. पहिले आपल्या भिंतीचे अंग सोबत घेऊन येते.

आता हरिहरेश्वरच्या घरात असे चित्र प्रत्यक्ष कसे करावे ते पाहू.

आधी भिंत निवडावी. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची बाहेरची भिंत पावसाचा मार खाते, ती टाळावी. ओटी आणि माजघर यांमधली आतली भिंत सर्वांत कोरडी. सात फूट रुंद आणि पाच फूट उंच चित्र बहुतेक घरांत शोभते. पाच फुटांची गुंडाळी दारातून, जिन्यातून आणि एसटीतूनही जाते.

कापड म्हणून मांजरपाट मनात येतो, आणि कोरड्या गावी तो चालेलही. नवा मांजरपाट आधी रात्रभर भिजवून, धुऊन, त्यातली खळ पुरती काढावी, कारण ती बुरशीचे आवडते खाद्य आहे. किनाऱ्यावर मात्र मी पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-मिश्र कॅनव्हास घेईन. सुती धागा दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आखडतो. त्यावरचा रंग या ओढाताणीत तडकतो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात रस्त्यावरची कित्येक भित्तिचित्रे आधी पातळ कृत्रिम कापडावर रंगवून मग भिंतीला चिकटवतात. शाळेतली मुले, तुरुंगातले कैदी आपापल्या जागी बसून त्याचे तुकडे रंगवू शकतात, ही त्यातली सोय. आपण फक्त शेवटचे चिकटवणे गाळायचे.

रंगाला हात लावण्याआधी शिवणकाम उरकावे. वर आणि खाली दोन इंचांचा नेफा दुहेरी टीप मारून शिवून घ्यावा. वरच्या नेफ्यात अॅल्युमिनियमची नळी जाईल, खालच्या नेफ्यात तशीच पण थोडी हलकी. लोखंडी गज नको. खाऱ्या हवेत तो वर्षभरात गंजतो आणि गंजाचा डाग कापडातून पुढे उमटतो. आधी रंगवून मग नेफा शिवला तर सुई रंगाचा थर फोडते, आणि भेग तिथूनच सुरू होते.

मग अस्तर. जुन्या रीतीत खडू आणि सरस कालवून लावत. सरस प्राणिज आहे, बुरशीला तोही आवडतो. म्हणून इथे अॅक्रिलिक प्राइमर बरा. पातळ दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. भिंतीचे अंग हवे असेल तर दुसऱ्या हातात बारीक चाळलेली, गोड्या पाण्याची, धुतलेली रेती किंवा दगडाची पूड मिसळावी. समुद्राची वाळू कितीही सुरेख दिसली तरी वापरू नये, का ते वर आलेच आहे.

चित्राचा आराखडा लहान कागदावर करावा, एक इंचाला एक फूट या मापाने. सात इंच बाय पाच इंच कागदावर पस्तीस चौकटी पडतात. कापडावर तेवढ्याच फूटभराच्या चौकटी खडूने आखून एकेक चौकट मोठी करत जायचे. वेल किंवा कमळांची किनार पुन्हा पुन्हा यायची असेल तर खाका करावा. पातळ कागदावर नक्षी काढून रेघेवर सुईने भोके पाडायची, कागद कापडावर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलके आपटत न्यायची. ठिपक्याठिपक्यांनी नक्षी खाली उतरते. ही रीत पैठणपासून फ्लॉरेन्सपर्यंत कारागिरांच्या हातात होती, आणि मोबाइलवरून चित्र भिंतीवर फेकणाऱ्या यंत्रापेक्षा हिच्यात हात अधिक तयार होतो.

काय काढावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र खिडकीतून खरा समुद्र दिसणाऱ्या घरात भिंतीवर पुन्हा समुद्र काढू नये, एवढा सल्ला देण्याचा मोह आवरत नाही. आगरातली सुपारीची उभी खोडे, त्यावर चढलेले मिरीचे वेल, हेच भिंतीच्या आकाराला जास्त जमते.

रंग अॅक्रिलिकचे घ्यावेत. गेरू, पिवळी माती, काजळीचा काळा, पांढरा, हे सर्वांत टिकाऊ. गेरूतला तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, आणि अंगणातल्या जांभ्याचाही त्याचाच. ऊन त्याला फिके करू शकत नाही. झगझगीत गुलाबी आणि पोपटी रंग मात्र दारातून येणाऱ्या उजेडानेही काही वर्षांत उतरतात. रंगवण्याचा हंगाम नोव्हेंबर ते मे. अॅक्रिलिक रंगातले पाणी उडाले की त्याचे सूक्ष्म प्लास्टिक कण एकमेकांना भिडून सलग पापुद्रा तयार होतो. जुलैच्या हवेत पाणी उडायलाच तयार नसते. हात लावून सुकलेला वाटला तरी थर आतून पक्का व्हायला काही आठवडे जातात, तोवर चित्र गुंडाळू नये.

शेवटी व्हार्निश. इथे अजिंठ्याची आठवण ठेवावी. ग्रिफिथ्स यांच्या काळात मूळ चित्रे उठावदार दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश फिरवले गेले. १९२० नंतर निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाख वापरली. दोन्ही काळाच्या ओघात पिवळी पडली, आणि ती काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला कित्येक वर्षे पुरले. म्हणून व्हार्निश असे घ्यावे की पुढे रंगाला धक्का न लावता काढता येईल. डबीवर तसे लिहिलेले असते. आधी पारदर्शक अॅक्रिलिकचा एक हात देऊन रंग आणि व्हार्निश यांमध्ये पडदा ठेवावा.

टांगताना भिंतीत स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी आकडे बसवावेत, आणि वर-खाली इंचभर जाडीचे लाकडी गुटके लावून कापड भिंतीपासून सुटे ठेवावे. मागून हवा खेळली की ओल कापडापर्यंत पोचत नाही, आणि लोणा आला तर तो भिंतीवरच राहतो. रंगारी येईल तेव्हा चित्र काढायचे, भिंत खरवडून घ्यायची, चित्र पुन्हा लावायचे.

गुंडाळताना नेफ्यातल्या नळ्या काढून रंगाची बाजू बाहेर ठेवावी. आत ठेवली तर थर दबून सुरकुततो. सहा इंची पीव्हीसी पाइपवर गुंडाळून मध्ये बटर पेपर घालावा, कारण उन्हाळ्यात अॅक्रिलिक थोडे मऊ होते आणि स्वतःलाच चिकटते. वरून प्लास्टिक करकचून बांधू नये, आत अडकलेली ओल बुरशी धरते. धुतलेली जुनी सुती चादर पुरे. गुंडाळी माळ्यावर आडवी, दोन्ही टोकांवर टेकवून ठेवावी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले, श्रीवर्धन तालुक्यातली घरांची छपरे उडाली आणि पाऊस थेट माजघरात पडला. अशा वेळी कपाट हलवता येत नाही, गुंडाळी मात्र काखेत मारून पक्क्या स्लॅबच्या घरात नेता येते. मागच्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने कापड, रंग, व्हार्निश आणि साल लिहून ठेवावे, म्हणजे पुढे दुरुस्ती करणाऱ्याला अंदाजाने चालावे लागणार नाही.

कोकणाची एक अडचण उरतेच. घरात चित्र सर्वांत जास्त हवे असते ते गणपतीत, आणि भाद्रपदाची हवा तर ओलीच असते. तेवढे दिवस चित्र खुशाल टांगावे. अॅक्रिलिकला हवेतल्या ओलीने आठवड्याभरात काही होत नाही. समई आणि धूप मात्र कापडापासून हातभर दूर ठेवावेत, आणि विसर्जनानंतर लगेच गुंडाळू नये. एखादा कोरडा, उन्हाचा दिवस मिळेपर्यंत ते तसेच लटकू द्यावे. हस्ताचा पाऊस लांबला तर दसऱ्यापर्यंतही.